हॅकिंगच्या पुस्तकाआधी

निमगाव सावातलं आपलं पोरगं 'हॅकिंग शिकायचंय' म्हणालं की शहरातला क्लासवाला आधी फीची पावती फाडतो, मग हातात गाईड देतो. आमचा विरोध याला आहे. गाईडाने परीक्षा निघते, प्रोग्राम लिहिता येत नाही. एमएस-सीआयटीचा कागद म्हणजेही प्रोग्रामिंग नव्हे.

सुरुवात पायथनने करा. ॲलन डाउनींचं 'थिंक पायथन' इंटरनेटवर फुकट आहे. सी शिकायचं तर कर्निगन-रिची. दुसरी आवृत्ती १९८८ ची, पण जुनी म्हणून हिणवू नका. त्यातली उदाहरणं स्वतः टाइप करून सोडवा. डेटाबेससाठी सिल्बरशात्झ, कॉर्थ आणि आयआयटी मुंबईचे सुदर्शन यांचा ग्रंथ. जाडजूड आहे, आधी एसक्यूएलचीच प्रकरणं घ्या. सरावाला एसक्यूलाइट, तेही फुकट.

सुरक्षा शेवटी. का? नावाच्या रकान्यात टाकलेला मजकूर क्वेरीचा भाग होऊन सगळी माहिती बाहेर कशी काढतो, हे एसक्यूएल न येणाऱ्याला कळणार कसं? तो फक्त दुसऱ्याचं टूल चालवणार. आणि परक्या साइटवर चालवलं तर आयटी कायदा २००० चं कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या पोराला सोडवायला कोणता पुढारी येणार आहे? सराव स्वतःच्या मशीनवरच करा, सोबत रॉस अँडरसन यांचं 'सिक्युरिटी इंजिनिअरिंग' वाचा.

इंग्रजी अडतं, खरं आहे. म्हणून विहारात चौघांनी बसून एकेक पान मराठीत फोडायचं. बाबासाहेबांनी राजगृह पुस्तकांसाठी बांधलं; आपण १४ एप्रिलच्या वर्गणीतून एक कपाट तरी घेऊ. डीजे तासभर कमी वाजला तरी चालेल.