मॉरिशसच्या पानात आपली डाळ

मॉरिशसला निघालेल्या मराठी कुटुंबाची बॅग उघडून पाहिली, तर पोहण्याच्या कपड्यांखाली खाकरे, लसणीची चटणी, चिवडा आणि झटपट उपम्याची पाकिटे हमखास निघतात. “परक्या बेटावर आपल्याला काय खायला मिळणार?” ही धास्ती आईला असते आणि त्याहून जास्त आजीला. बहुतेक सहलींत सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण हॉटेलच्या पैशांतच धरलेले असते. तिथे लांबलचक टेबलावर पाव, चीज, कापलेली फळे असतात आणि पाहुणे भारतीय म्हणून एका कोपऱ्यात पनीरची भाजी नि जिरा राईस. सात दिवस हेच खाऊन मंडळी परततात आणि सांगतात, “समुद्र छान होता, जेवण आपलं ठीक.”

खरे तर दुपारचे जेवण मोकळे असते. ते हॉटेलबाहेर घ्यायचे एवढे जरी ठरवले, तरी सहलीचा रंग बदलतो.

राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर सकाळपासून काचेच्या पेट्यांपुढे रांगा लागलेल्या दिसतात. कचेरीतले कारकून, शाळेची मुले, बंदरावरचे कामगार सगळे एकाच रांगेत. पेटीत कापडाखाली मऊसूत, पिवळसर पोळ्यांची चवड असते. ही ‘ढोल पुरी’, म्हणजे आपली डाळपुरी. हरभऱ्याची किंवा पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून कोरडी वाटायची, हळद-जिरे घालून मैद्याच्या पारीत भरायची, पातळ लाटून तव्यावर भाजायची. विकताना एकावर एक दोन पुऱ्या ठेवतात, त्यांवर मोठ्या पांढऱ्या दाण्यांचा रस्सा (पावट्याच्या जातीचे हे दाणे), टोमॅटोचा ‘रुगाय’, कोथिंबिरीची चटणी घालतात आणि कागदात गुंडाळून हातात देतात. पुरणपोळीची ही तिखट बहीण पूर्ण शाकाहारी असते, हे आजींनी लक्षात घ्यावे.

दुसरा जिन्नस ‘गातो पिमां’, म्हणजे मिरचीचा केक. नावाला फसू नये. भिजवलेली डाळ भरड वाटून, मिरची-कोथिंबीर घालून तळलेला हा सरळसरळ डाळवडा. तिथली माणसे न्याहारीला तो लोणी लावलेल्या फ्रेंच पावात घालून खातात. मुंबईहून गेलेल्या माणसाला वडापावची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पाच रुपये महिना

ही डाळ तिथे पोचली कशी, याचे उत्तर पोर्ट लुईच्या मुख्य बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बंदराकाठच्या ‘आप्रवासी घाटा’वर दगडी सोळा पायऱ्या आहेत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने ३६ भारतीय मजूर या बेटावर आणले. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये पगार आणि शिधा म्हणून तांदूळ, डाळ, मीठ. १८३५ मध्ये इथली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांवर भारतीय याच बंदरात उतरले. त्यांतले बहुसंख्य बिहार आणि आसपासच्या मुलखातले होते. दक्षिणेतले तमिळ, तेलुगू होते आणि मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणातले लोकही होते. बहुतेकांना परत गाव दिसले नाही. २००६ साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

गावी सणासुदीला होणारी डाळपुरी इथे रोजची झाली. गाव सुटले, पुढच्या पिढ्यांची भाषाही क्रिओल झाली. पण चव सुटली नाही. बाजारात भाजीवाल्यांची हाळी ऐकावी. कोथिंबिरीला तिथे ‘कोतोमिली’ म्हणतात, चटणीला ‘सातिनी’. ‘ब्रेद मुरुम’ म्हणजे शेवग्याचा पाला आणि ‘ब्रेद सोंज’ म्हणजे चक्क अळू. या पालेभाज्यांचा पातळ रस्सा भाताबरोबर घरोघरी होतो. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सरकारी सुट्टी असते आणि मराठी घरांत मोदक होतात.

बाकीचे पाहुणे

बेटावर फ्रेंच, आफ्रिकी आणि चिनी माणसेही आली, त्यांचीही चूल याच मातीत पेटली. टोमॅटोला तिथे ‘पोम दामूर’, म्हणजे प्रेमाचे सफरचंद म्हणतात. रुगाय त्याचाच. मासे खाणाऱ्यांनी ‘विंदाय’ चुकवू नये. मोहरी, हळद आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले हे मासे गोव्याच्या विंदालूच्या नात्यातले. चिन्यांनी दिलेल्या ‘मिन फ्री’ या परतलेल्या शेवया मुलांना आवडतात; मात्र त्यांत अंडे किंवा मांस असू शकते. शाकाहारी मंडळींनी ‘सां लाव्यान’ (मांस नको) आणि ‘सां दिझेफ’ (अंडे नको) हे दोन क्रिओल शब्द पाठ करावेत. विक्रेता हसतो आणि काम होते.

उन्हात फिरून आल्यावर मुख्य बाजारातला ‘आलुदा’ घ्यावा. थंड दूध, सब्जा आणि चायनाग्रासचे तुकडे. हा आपल्या फालुद्याचाच भाऊ. समुद्रकिनारी लहानसा, गोड अननस फिरकीसारखा कापून मीठ, मिरची, चिंच लावून देतात. तो काडीला धरून खाताना हात कोपरापर्यंत ओघळतात, पण तक्रार कोणी करत नाही. महेबूरचा सोमवारचा आणि फ्लाकचा रविवारचा बाजार यासाठीच राखून ठेवावा. पेटी निवडताना एकच नियम पाळावा: जिथे स्थानिकांची रांग लांब, तिथे माल ताजा.

परत आल्यावर ही चव घरीही करता येते. हरभऱ्याची डाळ हळद घालून शिजवावी, पण दाणा बोटाने दाबला की मोडेल इतपतच. गाळ होऊ देऊ नये. पाणी पूर्ण निथळून घ्यावे आणि त्याच पाण्यात मैदा सैलसर मळावा. डाळ कोरडी वाटून त्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. पुढचे पुरणपोळी करणाऱ्या हातांना सांगायला नको. फक्त सवयीने गुळाच्या डब्याकडे जाणारा हात आवरावा.

आणि पुढच्या वेळी बॅग भरताना खाकऱ्याचा एकच पुडा घ्यावा. आपल्याआधी तिथे गेलेल्यांनी बाकीची सोय केव्हाच करून ठेवली आहे.