किनाऱ्याच्या वाटा आणि चाकांचा अधिकार

कोकणच्या किनाऱ्यावर डोंगरी सायकलींसाठीं खास मार्ग आखावे, म्हणजे या निसर्गरम्य आणि इतिहासप्रसिद्ध भूमीचें भाग्य उजळेल, असा एक सूर अलीकडे वरचेवर कानीं पडूं लागला आहे. हा सूर काढणारे लोक बहुधा तरुण, उत्साही आणि सुशिक्षित असतात; त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें मला कारण नाहीं. शिवाय मी स्वतः गेलीं पंचवीस वर्षें दिवाळीच्या सुटींत याच किनाऱ्यानें सायकल हांकीत आलों आहें. तेव्हां सायकलीचा द्वेष्टा म्हणून माझें म्हणणें कोणास झटकून टाकतां येणार नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, या किनाऱ्यावर सायकलीसाठीं नवी वाट पाडण्याची मुळींच गरज नाहीं. जी आहे ती राखण्याची गरज आहे. आणि ज्या वाटा चाकांच्या नाहींत त्यांवरून चाकें मागें घेण्याची गरज तर त्याहूनही अधिक आहे.

आहे ती वाट कोणती? रेवसपासून रेडीपर्यंतचा, पांचशें किलोमीटरांहून अधिक लांबीचा सागरी रस्ता. हा रस्ता सरळ नाहीं, हाच त्याचा मोठा गुण होय. थोडें अंतर कांपावें तोंच एखादी खाडी आडवी येते. आगरदांड्याहून दिघीस, वेसवीहून बागमांडल्यास, दाभोळहून धोपाव्यास, तवसाळहून जयगडास जावयाचें तर धक्क्यावर तरीची वाट पाहत बसणें आलेंच. मोटारींतील उतारूस हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. सायकलस्वारास तोच विश्रांतीचा आणि शिक्षणाचा वाटतो. दाभोळच्या धक्क्यावर बसून वासिष्ठीचें मुख न्याहाळलें, म्हणजे बहामनी काळांत दूरदेशींचीं गलबतें येथेंच कां नांगर टाकीत, हें पुस्तकावांचून कळतें. हर्णैच्या उतारावर सुवर्णदुर्ग एकाएकीं पाण्यांत उभा दिसतो. १७५५ सालीं तो इंग्रजांच्या हातीं पडला आणि पुढच्याच वर्षीं विजयदुर्गाची पाळी आली, या दोन घटनांमधील अंतर सायकलीवरून मोजणाऱ्यास आरमाराच्या भूगोलाचा जो अर्थ उमगतो, तो वर्गांत बसून उमगत नाहीं, हें मी एक शिक्षक या नात्यानें कबूल करतों. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि १६६४ सालीं ज्याचा पाया घातला गेला तो सिंधुदुर्ग, हे चारही दुर्ग जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेले. त्यांस एका सूत्रांत ओवणारा रस्ता आज आपल्या हातीं आहे. त्याहून अधिक रम्य आणि अधिक ऐतिहासिक मार्ग कोणता आखावयाचा राहिला आहे?

परंतु डोंगरी सायकलींच्या पुरस्कर्त्यांस हा रस्ता पुरत नाहीं. त्यांच्या सायकलींचे जाड, दांतेरी टायर डांबरासाठीं नाहींतच. त्यांस हवा उघडा कातळ, उभा उतार आणि अरुंद वळण. म्हणून त्यांची दृष्टि किनाऱ्याच्या माथ्यावरील जांभ्याच्या सड्यांकडे आणि वाड्यांतून खालीं उतरणाऱ्या पाखाड्यांकडे वळते. सडा म्हणजे ओसाड जागा, ती कोणाच्याच उपयोगाची नाहीं, असें ते धरून चालतात. हें गृहीतकच खोटें आहे. श्रावण-भाद्रपदांत ज्यानें सडा पाहिला आहे, त्यास तो ओसाड म्हणवणार नाहीं. बोटभर मातीच्या थरावर सीतेच्या आसवांचे निळेजांभळे गालिचे पसरतात. ओल्या दिवसांत तो थर चाकांखालीं खरवडून निघाला, तर खालचा कातळ पुन्हां माती धरीपर्यंत पुष्कळ पावसाळे जावे लागतात.

सड्याचें दुसरें धन फुलांहूनही नाजूक आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी इत्यादि ठिकाणीं प्राचीन मनुष्यानें जांभ्यांत कोरलेलीं कातळशिल्पें आहेत. हत्ती, मासे, मनुष्याकृति आणि ज्यांचा अर्थ अद्याप कोणासही लागलेला नाहीं अशा चौकटी त्यांत आहेत. २०२२ सालीं त्यांचें नांव जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत दाखल झालें. कित्येक ठिकाणीं या रेषा इतक्या उथळ आहेत कीं सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हावांचून त्या डोळ्यांस दिसत नाहींत. कित्येक तर मातीखालीं झांकलेल्याच आहेत. ज्या कातळावर काय कोरलें आहे हेंच पुरतें ठाऊक नाहीं, त्यावर शर्यतीचा मार्ग आखणें म्हणजे न वाचलेल्या पोथीच्या पानांवर हिशेब लिहिण्यासारखें आहे.

हा अपराध मीं स्वतः केलेला आहे, म्हणून मी इतक्या आग्रहानें बोलतों. सुमारे वीस वर्षांपूर्वीं रत्नागिरीनजीकच्या एका सड्यावरून मीं माझी सायकल मोठ्या डौलानें नेली, ती कातळावर आडवी टाकली आणि शेजारीं बसून शिदोरी सोडली. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच सड्याचें छायाचित्र पाहण्यांत आलें, तेव्हां समजलें कीं ज्या रेषेस मी कातळाची भेग समजलों होतों, ती एका माशाची पाठ होती. माझ्या अज्ञानास कदाचित् क्षमा मिळेल. परंतु आज सर्व कांहीं ठाऊक असतां जो तेथें चाकें नेईल, त्यानें कोणती सबब सांगावी?

पाखाडीची गोष्ट निराळी, पण न्याय तोच. जांभ्याचे चिरे बसवून केलेली ही पायऱ्यांची वाट गांवानें आपल्या पायांसाठीं बांधली. तिच्यावरून पाण्याच्या कळशा जातात, गवताचे भारे जातात, शिमग्यांत देवाची पालखी जाते आणि शेवटीं मनुष्याची तिरडीही जाते. तीन वर्षांपूर्वीं देवगड तालुक्यांतील एका पाखाडीवरून पांचसहा सायकलस्वार आरोळ्या ठोकीत खालीं आलेले मीं पाहिले. डोकीवर भारा घेतलेली एक म्हातारी गडग्यास पाठ लावून उभी राहिली. ते निघून गेल्यावर, मीही त्यांतलाच एक असें समजून, ती मला म्हणाली, "बाबा रे, ही वाट आमच्या पायांक ठावक आसा, तुमच्या चाकांक नाय." मला उत्तर सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं.

यावर आमचे मित्र पाश्चात्त्य देशांचा दाखला देतात. दाखला द्यावाच, परंतु तो पुरता द्यावा. डोंगरी सायकलीचें माहेर म्हणजे कॅलिफोर्नियांतील मरीन परगणा. १९७६ च्या सुमारास तेथील उतारांवर तिच्या शर्यती सुरू झाल्या. त्याच परगण्यांत पुढें पादचाऱ्यांशीं तंटे होऊन अरुंद पाऊलवाटा सायकलींस बंद कराव्या लागल्या आणि रुंद वाटांवरही ताशीं पंधरा मैलांची मर्यादा घालावी लागली. इंग्लंडांत १९६८ च्या कायद्यानें घोडेवाटांवरून सायकल नेण्याची मुभा मिळाली ती एका अटीवर: सायकलस्वारानें पादचाऱ्यास आणि घोडेस्वारास आधीं वाट द्यावी. निव्वळ पाऊलवाटांवर ही मुभा नाहीं. म्हणूनच त्या देशाच्या नैर्ऋत्येची, सुमारे सहाशें तीस मैलांची, कडेकपारींवरून जाणारी प्रसिद्ध किनारवाट बहुतांशीं पायीं चालणाऱ्यांचीच राहिली आहे. ज्यांनीं हा खेळ काढला त्यांसही जो विवेक पुढें शिकावा लागला, तो आम्ही आरंभींच कां शिकूं नये?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो हंसून घालवण्याजोगा नाहीं. कोकणांतील तरुण चाकरीसाठीं मुंबईस जातो. पाहुणे आले तर त्यास गांवींच चार पैसे मिळतील, हें खरें. परंतु पैसे कोणता पाहुणा देतो तें पाहा. मोटारीच्या पाठीवर सायकल बांधून येणारा, दिवसभर एकाच उतारावर घसरणारा आणि रात्रीं शहरांत परतणारा मनुष्य गांवांत चाकोरीखेरीज कांहीं ठेवीत नाहीं. रस्त्यानें सायकल हांकणारा मात्र दर चारपांच तासांनीं भुकेला होतो आणि दर संध्याकाळीं थकतो; त्यास खाणावळ लागते, ओटी लागते, पंक्चर काढणारा लागतो. गांवाचा धंदा दमलेल्या पाहुण्यावर चालतो.

आतां खाड्यांवर मोठाले पूल बांधण्याचें घाटत आहे. त्यांस माझा विरोध नाहीं. आजाऱ्यास आणि विद्यार्थ्यास तरीवर ताटकळत ठेवण्याचा अधिकार माझ्या हौसेस कोणीं दिला? पूल अवश्य व्हावे. मात्र मोटारी पुलावरून गेल्या म्हणून तर बंद करूं नये, जुना रस्ता टाकून देऊं नये आणि रुंदीच्या नांवाखालीं त्याच्या कडेचे आंबे-वड तोडूं नयेत. तो रस्ता आणि त्या तरी हाच सायकलींचा राखीव मार्ग समजावा. सडे चाकांस बंद असावे. पाखाड्या पायांच्याच राहाव्या. आणि जेथें जुनी बैलगाडीची वाट आहे, तेथें सायकल जावी कीं न जावी, हें शहरांतील मंडळानें न ठरवतां त्या गांवच्या ग्रामसभेनें ठरवावें.

यांत सायकलस्वाराचें कांहींच जात नाहीं. ज्यास वेगाची धुंदी हवी, त्यास कोणताही उतार चालेल. त्यासाठीं कोकणचा किनारा कशाला? आणि ज्यास खरोखर हा किनाराच पाहावयाचा आहे, त्यानें पाखाडीच्या तोंडाशीं सायकल उभी करावी, वहाणा झटकाव्या आणि खालीं समुद्रापर्यंत चालत जावें. वाटेंत कोणी भारा घेऊन येत असेल, तर गडग्यास पाठ आपण लावावी.