डॉक्टर दादींची निवृत्ती

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातले प्राध्यापक असोत की एखाद्या जिल्हा रुग्णालयातले सर्जन, सरकारी डॉक्टरांच्या निवृत्तीची तारीख आधीच ठरलेली असते. त्या दिवशी हारतुरे येतात, शाल-श्रीफळ दिले जाते, सहकारी दोन शब्द बोलतात. पण ज्यांचा दवाखाना आपल्याच गल्लीच्या कोपऱ्यावर असतो, ते डॉक्टर निवृत्त केव्हा होतात? त्यांच्या सत्काराचा दिवस कुणी ठरवायचा?

इंदूरच्या डॉ. भक्ती यादव यांचेच उदाहरण घ्या. उज्जैनजवळच्या महिदपूर येथे 3 एप्रिल 1926 रोजी एका मराठी घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुलींनी शिकणे लोकांना रुचत नव्हते, असा तो काळ. तरीही वडिलांनी मुलीची हौस ओळखून तिला आधी गरोठला नातेवाइकांकडे ठेवले आणि मग इंदूरच्या अहिल्याश्रम शाळेत घातले. पुढे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत त्या एकट्याच मुलगी होत्या. 1952 साली त्या एम.बी.बी.एस. झाल्या.

मनात आणले असते तर त्या मोठ्या पदावर जाऊ शकल्या असत्या. त्यांनी मात्र गिरणी कामगारांच्या बायकांसाठी असलेल्या नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात काम पत्करले. 1978 साली ते प्रसूतिगृह बंद पडले. इतरांच्या दृष्टीने निवृत्त होण्याची हीच वेळ होती. पण बाळंतपणे का कुणासाठी थांबतात? भक्तीताईंनी परदेशीपुऱ्यातल्या राहत्या घरीच ‘वात्सल्य’ नर्सिंग होम सुरू केले. ज्यांच्याजवळ पैसे नसत, त्यांच्याकडून त्या घेत नसत. गुजरात, राजस्थानातूनही बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. लोक त्यांना ‘डॉक्टर दादी’ म्हणू लागले.

वय वाढले, हाडे ठिसूळ झाली, हात थरथरू लागले. तरी आलेल्या बाईला विन्मुख पाठवायचे नाही, हा नेम त्यांनी मोडला नाही.

2017 च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांना एक्क्याण्णवावे वर्ष चालू होते. प्रकृतीमुळे दिल्लीला जाणे जमले नाही, म्हणून पुरस्कारच त्यांच्या घरी आला. त्यानंतर 14 ऑगस्ट 2017 रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. जाहीर झाल्यापासून सात महिनेही पुरे झाले नव्हते.

सरकारने दखल घेतली, हे चांगलेच झाले. पण ज्या घरांतली बाळे सुखरूप हाती आली, त्या घरांनी सरकारची वाट कशाला पाहायची? तुमच्या वस्तीतल्या वृद्ध डॉक्टरांनी दवाखाना मुला-सुनेकडे सोपवला असेल किंवा कायमची पाटी उतरवली असेल, तर चार घरांनी मिळून एक संध्याकाळ ठरवावी. मोठा हॉल नको, पाहुणा पुढारी नको, लांबलचक भाषणे तर नकोतच, कारण थकलेल्या माणसाला तासभर खुर्चीवर बसवणे हा सत्कार नव्हे. दवाखान्यातच जमावे. ज्यांना त्यांनी दुखण्यातून उठवले, त्यांनी एकेका वाक्यात ते सांगावे. ज्यांचा जन्म त्यांच्या हातून झाला, त्यांनी आपली मुले त्यांच्या पायावर घालावीत.

एवढ्यासाठी फार खर्च लागत नाही. लागते ती फक्त वेळेवर आठवण.