मोडीतले घड्याळ

गेल्या वर्षीच्या हस्तकला-प्रदर्शनात नववीच्या वर्गाने मांडलेले एक टेबल पुष्कळांच्या स्मरणात असेल. जुन्या घड्याळांची दातेरी चाके, काटे, तबकड्या आणि मोहरीएवढे स्क्रू यांपासून बनविलेली पदके व कर्णभूषणे त्यावर मांडली होती. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विभागाचे प्रथम पारितोषिक त्या टेबलाला मिळाले. पाहुण्यांनी कौतुक केले, छायाचित्रे निघाली. ही कल्पना वर्गापुढे मांडली होती ती मी. ‘घरात बंद पडलेले घड्याळ असेल तर घेऊन या’ हे शब्दही माझेच. त्या शब्दांविषयी आज थोडे लिहावयाचे आहे. कारण ते मी पुरेसा विचार न करता उच्चारले, अशी आता माझी खात्री झाली आहे.

पाश्चात्य देशांत या प्रकारच्या अलंकारांना ‘स्टीमपंक’ म्हणतात. शब्द कानाला खडबडीत लागतो, आणि तो जन्मला तोही थट्टेतच. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ साली ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या एका पत्रात, आपण व आपले दोघे लेखकमित्र लिहीत असलेल्या कथांसाठी हे नाव सुचविले. वीज आणि संगणक यांचे राज्य आलेच नसते, वाफ, पितळ आणि दातेरी चाके यांवरच जग पुढे चालत राहिले असते, तर ते कसे दिसले असते, ही त्या कथांमागील कल्पना. ज्यूल व्हर्नच्या कथा भा. रा. भागवतांच्या मराठीतून ज्यांनी वाचल्या असतील त्यांना या जगाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. पुढे ही आवड पुस्तकांतून पोशाखांत आणि पोशाखांतून दागिन्यांत उतरली. २००९ साली तर ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात अशा वस्तूंचे प्रदर्शनच भरले होते.

परंतु घड्याळ मोडून गळ्यात घालण्याची हौस या नावाहून कितीतरी जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजी खिशातल्या घड्याळांत, ज्या चाकाच्या हेलकाव्यावर सारे घड्याळ चालते त्या बॅलन्स-चाकावर एक लहानसे पितळी झाकण बसविलेले असे. इंग्रज कारागीर त्याला ‘कॉक’ म्हणत. रुपयाच्या नाण्याहून फारशी मोठी नसलेली ही चकती आरपार कोरलेली असे: वेली, पाने, मुखवटे, क्वचित पक्षी. सोन्याचा मुलामा दिलेली ती नक्षी हाताने कोरलेली असल्यामुळे एक कॉक दुसऱ्यासारखा तंतोतंत नसे. आणि हे सारे घड्याळाच्या आत! मालकाने घड्याळ उघडले तरच दिसणार. एकोणिसाव्या शतकात ही घड्याळे जुनी ठरली, नवी अधिक अचूक आली. तेव्हा व्यापाऱ्यांनी जुन्या घड्याळांची सोन्यारुप्याची कवचे आटविली, आतील यंत्रे भंगारात टाकली, आणि तेवढे कॉक काढून त्यांचे हार, कंकणे आणि पिना करून विकल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशा हारांची चांगलीच टूम होती.

जुन्या घड्याळांचे अभ्यासक या हारांकडे आजही दुःखाने पाहतात. एकेका हारात एकेक डझन किंवा त्याहून अधिक घड्याळे मेलेली असतात. त्या घड्याळांत एक चिमुकली पोलादी साखळीही असे. तिच्या कड्या इतक्या बारीक की त्या भिंगाखालीच नीट दिसाव्यात. दक्षिण इंग्लंडमधील क्राइस्टचर्च या गावी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्त्रिया आणि लहान मुली त्या साखळ्या जोडीत, आणि त्या कामापायी डोळे गमावीत. ती साखळीही भंगारात गेली. हार करणाऱ्याला तिच्यात शोभा दिसली नाही.

हे मी वाचले तेव्हा प्रदर्शन होऊन गेले होते.

पारितोषिक-वितरणाच्या दिवशी त्या टेबलापाशी एक आजी आल्या होत्या. नातीने केलेले पदक त्यांनी तळहातावर घेतले. एच.एम.टी.च्या घड्याळाचे उघडे यंत्र, त्यावर तिरपे डकविलेले दोन काटे, आणि खाली लोंबणारे एक चाक, असे ते पदक होते. आजींनी ते आधी उलटसुलट करून पाहिले आणि मग कानाशी नेले. क्षणभर थांबून त्या नातीला म्हणाल्या, “हें चलतालें न्हय गो?” आमच्या कोंकणीत हा प्रश्न रागाने विचारता येतो, तसाच अगदी सहजपणेही विचारता येतो. आजींनी तो सहजपणे विचारला. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि मी शेजारच्या टेबलाकडे.

ते घड्याळ तिच्या आजोबांचे होते. रोज सकाळी आंघोळीनंतर त्याला चावी देण्याचा त्यांचा नेम होता. ते गेल्यावर घड्याळ कपाटात राहिले, आणि काही वर्षांनी चावी दिली तरी चालेना. आमच्या बाजारातील एका घड्याळजींना मी ते पदक नंतर दाखविले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिले. आतील तेल सुकून चिकट झाले होते, एवढाच त्याचा आजार होता, असे ते म्हणाले. उघडून, धुऊन, नवे तेल दिले असते तर ते चालले असते. आता मात्र बॅलन्सची केसासारखी कमान चिमट्याने ओढली गेली होती आणि जिच्यावर ते चाक फिरते ती कणी तुटली होती. त्या कणीचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे असते. ते तुटायला राग लागत नाही, उत्साह पुरतो.

आता कोणी म्हणेल, आणि शिक्षकांच्या खोलीत माझ्या एका सहकाऱ्याने म्हटलेही, की गुरुजी, आपल्याकडे जुन्या पाटल्या मोडून नव्या बांगड्या घडवीत नाहीत काय? आजीची मोहनमाळ मोडून नातीचे डूल करतात. त्यावर कोणी लेख लिहीत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो. पण सोने आणि घड्याळ यांत एक मोठा भेद आहे. शेटाने पाटली आटविली तरी तिचे मोल बहुतेक सारे शिल्लक राहते, कारण ते धातूत असते. घड्याळाचे मोल धातूत नसते, ते मांडणीत असते. सुटे केले की हाती उरते ते चार आण्यांचे पितळ. माणके असतात हे खरे. परंतु सतरा ‘ज्युएल’ म्हणजे सतरा रत्ने, असे समजून कोणी हुरळू नये. ऑग्यूस्त व्हेर्नोई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली माणिक भट्टीत तयार करण्याची कृती जाहीर केली. तेव्हापासून घड्याळातील माणके कारखान्यातच होतात. ती शोभेसाठी नसतात. कण्या झिजू नयेत म्हणून बसविलेल्या त्या कठीण बैठका होत.

मांडणी म्हणजे काय, हे आकड्यांनी थोडे कळेल. एच.एम.टी.चे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ पुष्कळ घरांत होते. त्यातील बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ते ४,३२,००० होतात आणि वर्षाला १५ कोटींहून अधिक. विजेचा थेंब नाही, बॅटरी नाही. अंगठा आणि तर्जनी यांनी रोज सकाळी दिलेले बळ काय ते एवढेच. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने ही घड्याळे १९६१ पासून बंगळूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली, आणि २०१६ साली घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. तेव्हा कपाटात पडलेले प्रत्येक ‘जनता’ आता मोजक्यांपैकी एक आहे. ते मोडले तर त्या कारखान्यातून दुसरे येणार नाही.

माझे सहकारी एवढ्याने गप्प बसले नाहीत. कपाटात कुजण्यापेक्षा गळ्यात शोभलेले काय वाईट, असे त्यांचे पुढचे म्हणणे होते. याला माझ्यापाशी अर्धेच उत्तर आहे. त्या इंग्रजी कॉकांचेच पाहा. घड्याळे गेली, साखळ्या गेल्या. हारांत ओवले गेले म्हणूनच तेवढे कॉक टिकले आणि त्या अनामिक कोरक्यांचे कसब आपल्याला आज पाहावयास मिळते. हारवाल्याला निव्वळ घातकी म्हणणे त्यामुळे मला जमत नाही. जी यंत्रे कवचाच्या लोभाने आधीच भंगारात निघाली होती, त्यांतून त्याने एक वस्तू वाचविली, असाही हिशेब मांडता येतो. मात्र आमच्या प्रदर्शनात क्रम उलटा झाला. भंगार आधी नव्हते; दागिना करावयाचा म्हणून आम्ही ते निर्माण केले.

मुली-मुलांनी ही कला सोडून द्यावी असे मला मुळीच वाटत नाही. ज्या यंत्राची कणी, कमान, चाक सारे गेले आहे आणि घड्याळजीनेच हात टेकले आहेत, त्याचा दागिना खुशाल करावा. मग त्यात चाके डिंकाने चिकटवून न टाकता, एकाचे दात दुसऱ्यात गुंततील अशी बसवावीत. तिसऱ्या चाकाला तिसरे का म्हणतात हे करणाऱ्याला सांगता यावे. बाजारात तयार ठशाची पितळी चाकेही मिळतात. ती कोणत्याही यंत्रात कधी फिरलेली नसतात, म्हणून जाणकार त्यांना नाके मुरडतात. माझे मत उलट आहे. शिकाऊ हातांनी तीच वापरावीत. त्यांच्यामागे कोणाची सकाळ नसते.

एका गोष्टीत मात्र मतभेदाला जागा नाही. अंधारात चमकावे म्हणून काट्यांवर आणि आकड्यांवर रंग दिलेली फार जुनी, विशेषतः १९६० च्या दशकापर्यंतची परदेशी घड्याळे कोणीही उघडू नयेत. त्या रंगात बहुधा रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज गावी १९१७ पासून तरुण मुली हा रंग देत. कुंचल्याला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरीत, आणि त्यांपैकी कित्येकींचे जबडे झिजले, कित्येकी दगावल्या. त्या रंगाची चमक काही दशकांत विझते, पण रेडियमचे तेज निम्म्यावर येण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. तबकडी काळवंडली म्हणजे निर्धोक झाली, असा समज करून घेऊ नये. तो रंग खरवडून तिचे पदक करणे हा शुद्ध वेडेपणा होईल.

त्या मुलीविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. पदक आजींनी स्वतःपाशी ठेवून घेतले. मुलगी शनिवारी शाळा सुटल्यावर अधूनमधून त्या घड्याळजींच्या दुकानी जाऊन बसते. ‘हात स्थिर आहे,’ एवढेच ते तिच्याविषयी बोलतात. त्यांच्या तोंडून ही स्तुती फार मोठी आहे. आजोबांच्या घड्याळासारखे एखादे निकामी यंत्र मिळाले तर त्यातील कणी आणि कमान काढून यात बसविता येईल काय, हे ते पाहणार आहेत. मी त्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी खांदे उडविले.

यंदाच्या प्रदर्शनासाठी नियम बदलला आहे. आणलेले प्रत्येक घड्याळ घरच्या वडीलधाऱ्यांची चिठ्ठी असेल तरच घेतले जाईल, आणि ते प्रथम घड्याळजी पाहतील. जी चालू होतील ती पुसून परत घरी जातील. उरलेल्यांचे दागिने होतील. इच्छुकांनी आपली घड्याळे दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे आणून द्यावीत. पेचकस मात्र घरीच ठेवावा.