‘घरातलाच तर आहे’ म्हणून लस चुकवू नका



ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही सोसायटीत जा, चार-दोन घरांत तरी कुत्रा किंवा मांजर असतंच. ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात मुलं त्याच्याबद्दल भरभरून लिहितात. त्याचं नाव, त्याचा रंग, त्याला दूधपोळी आवडते की बाजारातलं खाणं, वाढदिवसाला केक कापला तो फोटो, सगळं येतं. त्याला शेवटची लस कधी दिली, हे मात्र मुलाला माहीत नसतं. आईबाबांना विचारा, तर उत्तर ठरलेलं: “अहो, तो घरातलाच तर आहे. त्याला कुठून काय होणार?”

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

घरातला म्हणजे नक्की किती घरातला? डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा दिवसातून दोन-तीनदा खाली जातो. जिना, पार्किंग, गेटबाहेरचा विजेचा खांब, सगळीकडे हुंगत फिरतो. तिथे इतर कुत्रीही येऊन गेलेली असतात. मांजर ग्रिलमधून छज्जावर आणि छज्जावरून शेजारच्या गच्चीवर. आणि ते दोघं नाही गेले, तरी बाहेरचं जग घरात येतंच. पार्व्होचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि आपल्या चपलेला चिकटून सरळ दारात पोहोचतो. पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो.

इथे पिल्लं विकत घेणाऱ्यांची एक गफलत सांगायला हवी. विकणारा म्हणतो, “एक इंजेक्शन झालंय, आता टेन्शन नाही.” आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. पण एका इंजेक्शनने भागत नाही, आणि त्यामागचं कारण विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखं आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून तयार प्रतिपिंडं मिळतात. ती त्याचं रक्षण करतात खरी, पण लसही निकामी करतात, कारण लसीतल्या विषाणूलाही ती शत्रूच समजतात. ही प्रतिपिंडं कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्याला ओसरतात, कुठल्या पिल्लात चौदाव्या-पंधराव्या. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची, ती सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. मधला एखादा डोस चुकला, तर नेमकं त्याच फटीतून दुखणं शिरतं. पार्व्होचा उपचार सलाईन लावून दिवसच्या दिवस चालतो, बिल हजारांत जातं, आणि तरीही पिल्लू वाचेलच असं नाही. लसीला काही शे रुपये लागतात. हिशोब तुम्हीच करा.

आपल्या भागाचा म्हणून एक वेगळा धोका आहे, तो पावसाचा. उल्हास आणि वालधुनी फुगल्या की कल्याणचे सखल भाग पाण्यात जातात. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते चित्र अनेकांना आठवत असेल. असं पाणी उंदीर-घुशींच्या बिळांतून वाहत येतं आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पसरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली ती अशीच. कुत्रा त्याच पाण्यातून चालतो, त्यातलंच चाटतो. त्याला लेप्टो झाला, तर त्याच्या मूत्रातून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. कुत्र्याच्या एकत्रित लसीत बहुतेकदा लेप्टोचा भाग असतो. तो सगळ्या प्रकारांवर चालत नाही आणि दर वर्षी घ्यावा लागतो. म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा, गुडघाभर पाण्यातून कुत्रा फिरवून आल्यावर नव्हे.

गोचिडांचंही तसंच. “पावसात होतातच” म्हणून सोडून देऊ नका, कुत्र्यांचा टिक फीवर त्यांच्यामुळेच होतो. पण एक ध्यानात ठेवा, कुत्र्याच्या मानेवर लावायचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

आता रेबीज. जुलै 1885 मध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. इतकी जुनी लस असूनही आजसुद्धा रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि चावे खाणाऱ्यांत मुलं फार असतात. मुलं आपल्या उंचीने कुत्र्याच्या तोंडाशी असतात, जेवताना त्याला कुशीत घेतात, मांजराची शेपटी ओढतात. हो, मांजरामुळेही रेबीज होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मुलं चावा लपवतात. घरचाच कुत्रा, रागावतील, त्याला सोडून देतील, ही भीती. त्यात आजी-आजोबांनी पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. ती जुनी लस आपल्या देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर चार-पाच इंजेक्शनं ठरलेल्या दिवशी घ्यायची, जखम जास्त असेल तर जोडीला जखमेत आणखी एक औषध. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. मग कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, जे जवळ असेल ते गाठायचं. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत असते. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवायचंच. फक्त तेव्हा त्याचं लसीचं पुस्तक सोबत न्या, म्हणजे निर्णय घेणं सोपं जातं.

भटक्या कुत्र्यांवरून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रणकंदन होतं. त्यातल्या ज्या कुत्र्याच्या कानाला खाच आहे, त्याची नसबंदी झालेली असते आणि तेव्हा त्याला रेबीजची लसही टोचलेली असते. ग्रुपवर तावातावाने लिहिणाऱ्याच्या सोफ्यावरचा लॅब्रॅडोर मात्र दोन वर्षं लसीविना असू शकतो. मग धोका कोणाचा जास्त? सोसायटीच्या सभेत पार्किंगचे स्टिकर तपासतात, तशी पाळीव प्राण्यांच्या लसीची तारीख विचारायला काय हरकत आहे? पालिकेचा श्वान परवाना काढला, तर तो दाखला तसाही लागतो.

पैशाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय धर्मादाय असलं, तरी लोकलच्या गर्दीतून कुत्रा तिथवर नेणं सोपं नाही. पण पशुसंवर्धन खात्याचे आणि जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने कल्याण तालुक्यातही आहेत, आणि ते फक्त गाई-म्हशींसाठी नसतात. शिवाय 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास रेबीजच्या लसीची शिबिरं भरतात, चौकशी करून ठेवा.

आणि मुलांनो, हे काम तुम्हीच घ्या. लसीचं पुस्तक काढा, पुढची तारीख बघा, ती घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. तारीख उलटून गेली असेल, तर या रविवारी बाबांना आठवण करा. “घरातलाच तर आहे” असं उत्तर आलं, तर चपलेची गोष्ट सांगा.