निरोप पोहोचला, 'बहुधा' राहिला

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहून काढण्याचे काम मी गेली दोन वर्षे करीत आहे. बडोद्यास येऊन आमच्या पाच पिढ्या झाल्या. पत्रांची गाठोडी पुष्कळ आहेत, पण मोडी वाचणारे घरात आता कोणी नाही. सुदैवाने वडिलांनी शंभरएक पत्रांच्या बाळबोध नकला करून ठेवल्या होत्या. दिवाळीला पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, हे काम आपण तीन एजंटांना देऊ. एक पत्रं वाचेल, दुसरा वंशावळ मांडेल, तिसरा ती तपासेल."

एजंट म्हणजे येथे विमा विकणारा गृहस्थ नव्हे. सोपविलेल्या कामाच्या पायऱ्या स्वतःच ठरवून ते पार पाडणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम, एवढा अर्थ वाचकांनी घ्यावा.

वंशावळ एका संध्याकाळी तयार झाली आणि दिसावयास मोठी सुबक होती. मात्र तीत आमच्या पणजोबांचे धाकटे बंधू अण्णा हे पणजोबांचेच चिरंजीव होऊन बसले होते! ८६ वर्षांच्या आत्याला मी ती वाचून दाखविली, तेव्हा तिने मला मध्येच थांबविले. "अरे, अण्णा नि दादा पाठचे भाऊ. त्यांना बापलेक कोणी केलं?"

केले होते १९११ च्या एका पत्राने. पणजोबांनी पुण्यास शिकत असलेल्या अण्णांना लिहिलेल्या ह्या पत्राचा मायना 'चिरंजीव' असा आहे. वडीलधारी माणसे त्या काळी मुलगा, पुतण्या, धाकटा भाऊ अशा सगळ्यांसच 'चिरंजीव' लिहीत. गंमत अशी की, पहिल्या एजंटास ही शंका आली होती. पुतण्याने त्यांचे आपसांतले संदेश उघडून दाखविले. पहिल्याने 'बहुधा मुलगा' असे लिहिले होते. दुसऱ्याने सारांश करताना 'बहुधा' गाळले. तिसऱ्याच्या हाती मूळ पत्र नव्हतेच. त्याने वंशावळ दुसऱ्याच्या सारांशाशी ताडून पाहिली आणि 'बरोबर' असा शेरा मारला.

हे तिघे ज्या टपालाने बोलत होते ते जगात सध्या झपाट्याने पसरत आहे. ९ एप्रिल २०२५ रोजी गूगलने 'एजंट-टू-एजंट' ही संदेशपद्धती जाहीर केली, तेव्हाच पन्नासाहून अधिक कंपन्या तिच्या पाठीशी होत्या. जूनमध्ये ती लिनक्स फाउंडेशन ह्या संस्थेच्या हवाली झाली आणि आयबीएमची तशीच एक पद्धती त्याच वर्षी तीत विलीन झाली. रचना कचेरीत काम केलेल्यांस परकी वाटू नये. प्रत्येक एजंट आपणास काय काय येते ह्याचे परिचयपत्र लावून ठेवतो. प्रत्येक कामाला क्रमांक मिळतो, आणि ते दाखल झाले, चालू आहे, माहितीवाचून अडले आहे, पुरे झाले की फसले, ह्याची नोंद राहते. थोडक्यात, आवक-जावकचे रजिस्टर. एक गोष्ट मात्र निराळी आहे. एजंटाने आत काय विचार केला, कोणती साधने वापरली, हे दुसऱ्यास दिसू नये अशी योजना मुद्दाम केलेली आहे. भिन्नभिन्न कंपन्यांचे एजंट एकत्र काम करावयाचे तर ती रास्तच म्हणावी लागेल. पण मग संदेशात न उतरलेल्या शंकेला उरण्यास दुसरी जागाच राहत नाही.

हा प्रश्न पूर्वी कोणाला सुचला नव्हता असे नाही. १९९० नंतरच्या वर्षांत अमेरिकेत 'केक्यूएमएल' नावाची एजंटांची भाषा तयार झाली. 'सांगतो', 'विचारतो' ह्यांबरोबर तीत 'क्षमस्व' हाही एक संदेशप्रकार होता. पुढे १९९६ साली स्वित्झर्लंडमध्ये 'फिपा' ही संस्था निघाली. तिच्या भाषेत 'मला समजले नाही' असे कळविण्याची सोय होती. आणि विधान खरे आहे असे स्वतः मानणाऱ्यानेच 'कळवितो' हा प्रकार वापरावा असा दंडक होता. अनिश्चिततेला निराळे चिन्हसुद्धा होते. ह्या नियमाने पाहता आमच्या पहिल्या एजंटाला 'मुलगा आहे' असे कळविताच आले नसते. परंतु एजंट खरोखर काय मानतो हे बाहेरून तपासावयाचे कसे, ह्या आक्षेपाला धड उत्तर मिळाले नाही. ती भाषा प्रयोगशाळांच्या बाहेर फारशी रुजली नाही.

नव्या पद्धतीने तो गुंता सोडून दिला. मजकूर हवा तसा लिहा, पोहोचविण्याची हमी आमची, असा तिचा व्यवहार आहे. संदेशाला जादा माहिती जोडण्याची जागा आहे, पण 'हे मी किती खात्रीने आणि कशाच्या आधारे म्हणतो' एवढे लिहिण्याची सक्ती नाही. माझ्या मते हा उणेपणा लहान नव्हे. मार्च २०२५ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी अशा संयुक्त व्यवस्था कोठे कोठे फसतात ह्याचे १४ प्रकार नोंदविले. त्यांत आपसांतला बेबनाव हा एक मोठा वर्ग आहे, आणि निकालाची तपासणी कच्ची राहणे हा दुसरा. आमच्या अण्णांच्या वाट्यास दोन्ही आले! अँथ्रॉपिक कंपनीने जून २०२५ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. तीत अशा व्यवस्थेला साध्या संभाषणाच्या सुमारे १५ पट टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, खर्ची पडत असल्याचे म्हटले आहे. खर्च असा असेल तर सारांशाचा मोह होणारच. त्यांनी सांगितलेला तोडगा मात्र शहाणपणाचा आहे. कानगोष्टींचा खेळ टाळावयाचा तर हाताखालच्या एजंटाने आपले काम फाइलीत जसेच्या तसे ठेवावे आणि पुढच्यास तिचा ठिकाणा तेवढा कळवावा.

आमच्या घरी आत्या होती म्हणून चूक सापडली. विम्याचा दावा किंवा रुग्णाचे तपासणीपत्रक अशा तिघांच्या हातांतून गेले, तर 'बहुधा' कोठे गळले हे विचारणार कोण, आणि ते संदेश उघडून पाहण्याचा हक्क त्या माणसास असेल काय? रजिस्टर कंपनीच्या कपाटात असते.

पुतण्याने आता दोन बदल केले आहेत. तिसऱ्या एजंटास मूळ नकला द्यावयाच्या, आणि प्रत्येक नात्यापुढे पत्राची तारीख व 'खात्री की तर्क' हा रकाना ठेवावयाचा. अण्णा आपल्या पिढीत परत आले आहेत. 'तर्क' असा शेरा पडलेली अकरा नाती निघाली. ती घेऊन येत्या रविवारी आत्याकडे जावयाचे आहे.