दप्तर दुसऱ्याच्या वाड्यात

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे) या दोन तालुक्यांतील वीरगळ, ग्रामदैवतांची मंदिरे आणि जुन्या घराण्यांतील कागदपत्रे यांची छायाचित्रे एकत्र करून आम्ही चार-पाच मित्रांनी एक छोटेसे संकेतस्थळ उभे केले होते. काम फावल्या वेळचे, पण निष्ठेचे. एके दिवशी सकाळी ते उघडेना. ज्या कंपनीकडे जागा भाड्याने घेतली होती, तिचा दूरध्वनी नुसता वाजत राही. आठवडाभराने उलगडा झाला. कंपनी डबघाईला आली होती, तिने स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचे पैसे थकवले होते आणि मूळ मालकाने ते बंद करून टाकले होते. आम्ही मात्र सवलतीच्या मोहाने तीन वर्षांचे भाडे आगाऊ भरून बसलो होतो!

छोट्या कंपनीची निवड चुकली, एवढे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. अमेरिकेतील एक्सोडस कम्युनिकेशन्स ही या व्यवसायातील बलाढ्य कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढच्याच वर्षी युरोपातील केपीएनक्वेस्ट कोसळली. आपल्याकडे एअरसेल २०१८ मध्ये आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स २०१९ मध्ये त्याच वाटेने गेल्या. तेव्हा आकार हे काही सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

कायदा काय सांगतो? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीच्या ताब्यात असलेली, पण करारान्वये इतरांच्या मालकीची वस्तू ही कंपनीची मालमत्ता समजली जात नाही. तत्त्व उत्तम आहे. परंतु वीज तोडलेल्या सर्व्हरमधून आपली छायाचित्रे बाहेर काढायची कोणी? शिवाय २०२० पासून थकबाकी किमान एक कोटी रुपये असल्याखेरीज हे प्रकरण न्यायाधिकरणापुढे जातच नाही. म्हणजे लहान कंपनी बुडते तेव्हा ना व्यावसायिक नेमला जातो, ना दावे मागवले जातात. कुलूप लागते, इतकेच. आणि आगाऊ भरलेले पैसे? दावे मागवले गेले, तरी तारण असलेल्या बँका रांगेत आधी, आपण बरेच मागे. ग्राहकाला आपला मजकूर उतरवून घेण्यासाठी निदान तीस दिवसांची मुदत देणे कायद्यानेच बंधनकारक करावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही खरा घाव वेगळाच होता. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी त्या कंपनीने आमच्या नव्हे, स्वतःच्या नावावर केली होती. नाव आपले असते, तर हस्तांतराचा संकेतांक घेऊन ते दुसऱ्या नोंदणीदाराकडे नेता आले असते, आणि नव्या जागी जुन्याच पत्त्यावर संसार थाटता आला असता. पावती आम्ही जपून ठेवली होती. ती कोणाच्या नावे नोंद झाल्याची आहे, हे वाचले मात्र नव्हते. हा दोष सर्वस्वी आमचा. गावोगावच्या जत्रांच्या पत्रिकांवर, शाळांच्या स्मरणिकांवर छापला गेलेला तो पत्ता आता कोठेच जात नाही.

वतनाच्या कागदांची आपली जुनी रीत आठवते. सनद एक, पण तिच्या नकला भाऊबंदांच्या दोन-तीन दप्तरांत असत. एका वाड्याला आग लागली, तरी दुसरीकडचा रुमाल सोडून कागद पाहता येई. आमच्या संकेतस्थळाचा मजकूर एका मित्राच्या संगणकावर होता, म्हणून वाचला. पण शेवटच्या दोन वर्षांतील छायाचित्रे थेट चढवली होती. त्यांत तोरण्याच्या पायथ्याच्या एका वस्तीतील वीरगळ होता, आणि त्याची हकिगत सांगणाऱ्या आजोबांचा फोटोही होता. आजोबा गेल्या पावसाळ्यात वारले.

नव्या नावाने जागा घेतली आहे, या खेपेस एकाच वर्षापुरती. नोंदणी आमच्यापैकी एकाच्या नावे आहे, आणि नकला भोर व पुणे अशा दोन ठिकाणी आहेत. वीरगळाचे छायाचित्र घेण्यासाठी मार्गशीर्षात पुन्हा जायचे ठरले आहे.